पायदळ आमदार

भाऊंची गाडी गावात कधी शिरली नाही. शिवेवरच्या एखाद्या बाभळीखाली ती उभी राहायची, चालक रशीदभाई बॉनेटला टेकून तंबाखू मळत बसायचे, आणि आमदार खाली उतरून, पायजमा दोन घड्या वर दुमडून चालायला लागायचे. गाव शिवेपासून हाकेच्या अंतरावर असो की दोन किलोमीटर आत, त्यात बदल नव्हता. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती चपलेला चिकटली की एकेक पाय उचलताना मांडीत गोळे येतात. भाऊ मग चपला काढून काखेत मारत आणि अनवाणी निघत. 'आमच्याकडची' असं मी सहज लिहून गेले. मी खरं तर पुण्याची. पण सात वर्षं त्या मातीत चालल्यावर माणसाला तेवढा हक्क मिळत असावा.

मतदारसंघात त्यांना नावानं हाक मारणारं कोणी मला भेटलं नाही. समोर सगळे 'भाऊ' म्हणत आणि माघारी 'पायदळ आमदार'. वऱ्हाडात पायी जाण्याला पायदळ जाणं म्हणतात. विरोधक हे नाव चिडवायला घेत, आपले लोक कौतुकानं घेत, आणि भाऊंना दोन्ही चालत असे.

पाणीपुरवठ्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता म्हणून मी संग्रामपूरला रुजू झाले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांची गाठ पडली. एका गावी आमदारांचा दौरा होता आणि मला कागदपत्रांसह हजर राहायचं होतं. शिवेवर त्यांची गाडी रिकामी दिसली. मी रशीदभाईंना विचारलं, तर म्हणाले, "भाऊ पायदळ गेले. तुम्हीबी जा मॅडम, हातपंपापाशी भेटतीन." मी मनात म्हटलं, आपल्याला काय करायचेत असले लाड, आणि जीप हॉर्न वाजवत थेट ग्रामपंचायतीसमोर नेली. फाईल छातीशी धरून पाऊण तास उभी होते. मग भाऊ आले, मागे तीस-चाळीस माणसं. तोवर त्यांना शाळेचं कोणतं छप्पर गळतं, कोणते हातपंप मेलेत आणि कोणाच्या घरची सून बाळंतपणाला अडलीये, सगळं कळलेलं होतं. त्या सुनेला घेऊन रशीदभाईंची गाडी एव्हाना दवाखान्याच्या वाटेलाही लागली होती.

"मॅडम, तुम्ही तं आमच्या आधी पोचल्या," ते म्हणाले. "काय काय पाह्यलं गावात?"

"काही नाही. तुमचीच वाट पाहत होते."

"गाडीतून गाव दिसत नाही, मॅडम. गावाले गाडी दिसते." बोलण्यात टोमणा नव्हता. पाहुण्याला पायरी सांभाळून उतरा म्हणावं, तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझीही जीप शिवेवर थांबायला लागली आणि माझ्या चालकानं मला पुढची सात वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा आहे, तो मी पुस्तकात वाचला होता. तोंडात पहिल्यांदा गेला तो चहातून. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं, पण खारट, तुरट, जिभेवर सोड्यासारखं बसणारं. त्यात तुरीची डाळ दोन तास रटरटली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. दुधाचा चहा फाटतो म्हणून लोक काळा चहा पितात. चाळिशी उलटली की घराघरात मूत्रपिंडाचं दुखणं. पुण्यात लोक गुडघेदुखीबद्दल ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात तिथे शेजारी डायलिसिसबद्दल बोलतात. अशा मुलखात आमदारानं पाण्याची बाटली गाडीत ठेवली तर कोणी नावं ठेवली नसती. भाऊ ठेवत नसत. "ज्या गावाचं मत घेतलं, त्या गावचं पाणी नाही पेलं तं ते मत पचत नाही," म्हणायचे आणि समोर आलेला तांब्या रिकामा करायचे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातून या गावांना गोडं पाणी आणायचं, हे एकच वेड घेऊन ते राजकारणात आले होते. योजनेची फाईल मुंबईत दोन वर्षं अडकून पडली होती, तेव्हाची गोष्ट रशीदभाई फार रंगवून सांगत. भाऊंनी एका कॅनमध्ये गावच्या विहिरीचं पाणी भरलं, नांदुऱ्याला रेल्वेत बसले आणि कॅन मांडीशी धरून मुंबई गाठली. बैठकीआधी तिथल्या चहावाल्याला गाठून त्याच पाण्याचा चहा करायला लावला. पाच अधिकाऱ्यांपुढे पाच कप आले, प्रत्येकात दुधाचे तुकडे तरंगताहेत. मोठे साहेब शिपायावर खेकसले. भाऊ म्हणाले, "त्याच्यावर रागावू नका. दूध चांगलं हाये, साखर चांगली हाये. पाणी आमच्या गावचं हाये." आणि स्वतःचा कप शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. महिन्याभरात फाईल हलली. "बाकी किसीने नहीं पिया, मॅडम," हे रशीदभाईंचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे.

आता, माणूस म्हणजे देव नव्हे. भाषण त्यांना येत नसे. सभेत उभे राहिले की तीन वाक्यं बोलून खाली बसत, आणि तिसरं वाक्य बहुधा 'बाकीचं हे सांगतीन' असं असे. संताप मात्र तत्काळ. एकदा एका कंत्राटदारानं पेढ्यांचा पुडा पुढे केला, तर पुडा बाहेर अंगणात आणि मागोमाग कंत्राटदारही अंगणात. हट्टी तर इतके की एकदा बोलले ते बोलले, मग ब्रह्मदेव आला तरी माघार नाही. घरासाठी त्यांना वेळ नसायचा. वहिनी मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "यायनं मले लग्नात एकदा पाह्यलं, तवापासून मतदारसंघच पाहून राह्यले." आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या भाऊंना हे ऐकू गेलं असणार, कारण पेपर थोडा वर झाला.

मयतीच्या घरी जाण्याची त्यांची रीत निराळी होती. पुढारी पहिल्या दिवशी जातात. चार लोक पाहतात, फोटो निघतो. भाऊ तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जात. "तेरा दिवस घरात माणूस मावत नाही मॅडम. मंग पाव्हणे जातात, मंडपवाला सतरंज्या उचलून नेते, अन् तवा त्या बाईले समजते का आपला माणूस गेला." त्या रिकाम्या घरात ते तासभर बसत. सातबाऱ्यावर नाव चढलं का, रेशनकार्डाचं काय, धाकट्याची शाळा सुटली तर नाही ना, असं एकेक विचारत. हे विचारताना त्यांचा आवाज इतका साधा असे की बाई रडायचं विसरून उत्तरं द्यायला लागे.

या रिवाजानं त्यांची एकदा चांगली फजितीही केली. एका गावी किसनराव नावाचे गृहस्थ वारले होते. मी त्या दिवशी सोबत होते. भाऊ घरात शिरले, चटईवर बसले, नजर खाली. घरची माणसं जरा गोंधळलेली वाटली, पण दुःखात माणसं गोंधळतातच. भाऊ म्हणाले, "लय चांगला माणूस होता किसनराव." तेवढ्यात आतून हात पुसत खुद्द किसनराव बाहेर आले. "कोण चांगला माणूस होता भाऊ?" त्या गावात किसनराव दोन होते आणि आम्ही जित्याच्या घरी येऊन बसलो होतो. मला तर पळून जावंसं वाटलं. किसनराव मात्र पक्के. म्हणाले, "आता आलेच हा तं बसा. माह्या निराधारच्या पेन्शनीचं काम तेवढं मी जित्ता असतानाच करून टाका." भाऊंनी तिथेच कागद मागवून अर्ज लिहायला लावला, काळा चहा घेतला आणि मग दुसऱ्या किसनरावांच्या घरी गेले. परतीच्या वाटेवर शिवेपर्यंत ते एकटेच हसत होते.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनंच त्यांना वाढवलं. तिचं सासर पूर्णेकाठचं धानखेड, खारपाणपट्ट्याच्या अगदी पोटातलं गाव. त्या बाजूला काम सुरू झाल्यापासून माझं दुपारचं जेवण तिच्याकडेच ठरून गेलं होतं. माझ्या पुणेरी बोलण्याची तिला भारी गंमत वाटे. "तुहं बोलणं लय गोड हाये पोरी," म्हणायची, "पाणी तेवढं अजून खारं हाये." दर भाऊबीजेला भाऊ लुगडं घेऊन जात आणि दर भाऊबीजेला ती ओवाळून झाल्यावर म्हणे, "लुगडे पेटीत मावत नाहीत आता, बापू. ओवाळणीत पाणी आण." त्यांना बापू म्हणणारी जगात ती एकटी उरली होती.

अक्काची दोन्ही मूत्रपिंडं त्या पाण्यानंच खाल्ली होती. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. भाऊ तिच्यासाठी शुद्ध पाण्याचे जार पाठवत. डॉक्टरांनी मोजून दिलेलं पेलाभर ती त्यातून घेई आणि उरलेला जार अंगणवाडीत पोचवी. मी एकदा रागावले, तर म्हणाली, "मले गिलासभर पेयाचं. बाकीचं काय ओट्यावर ठेवून पाहत बसू?" एका खेपेला मीच तिला अकोल्याला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि चार-सहा महिने म्हणाले. भाऊंना ते आधीच माहीत होतं.

तोवर धरणातून येणारी मोठी नळी आमच्या टप्प्यातल्या अकराही गावांच्या शिवेवरून टाकून झाली होती. गावोगाव टाक्या उभ्या होत्या. आता एकेका गावाची टाकी जोडायची, तपासायची आणि पाणी सोडायचं, इतकंच राहिलं होतं. पण हे काम जाणणारी तुकडी एकच, आणि एका गावाला साधारण दीड महिना. म्हणजे पहिल्या गावाच्या आणि अकराव्या गावाच्या पाण्यात सव्वा वर्षाचं अंतर. पहिलं गाव कोणतं, यावर तहसील कचेरीत अकरा सरपंच अकरा दिशांना तोंडं करून भांडले. भाऊंनी सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडून अकरा चिठ्ठ्या लिहून घेऊन एका लोट्यात टाकायला लावल्या.

चिठ्ठ्या काढायला व्हरांड्यातली एक म्हातारी बोलावली. ती बिचारी दाखल्यासाठी आली होती. चिठ्ठ्यांत तिचा दाखला असेल अशा समजुतीनं तिनं एकेक चिठ्ठी मोठ्या आशेनं काढली. दहा गावं निघाली. लोट्यात उरलेली चिठ्ठी उघडायची गरजच नव्हती. नाव न आलेलं गाव धानखेड होतं. सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. अक्काचा आजार तालुक्याला ठाऊक होता. "चिठ्ठी ते चिठ्ठी," भाऊ म्हणाले. आणि अकराही गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नंबरासकट यादी रंगवून घ्यायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. कागदावरची यादी बदलता येते, भिंतीवरची रोज लोकांच्या डोळ्यांसमोर राहते, हा त्यांचा हिशेब. म्हातारीचा दाखलाही त्याच दुपारी तिच्या हातात पडला.

पुढची चूक माझी. पाचव्या गावाचं काम चालू असताना तिथला पंप यायला उशीर झाला आणि तुकडी हात बांधून बसली. पाच-सहा दिवस काहीच होणार नव्हतं. माझ्या डोक्यात डॉक्टरांचे चार-सहा महिने घुमत होते. धानखेडच्या नंबराला अजून नऊ महिने होते. कोणाला न विचारता मी तुकडी धानखेडला नेली, टाकी जोडली, व्हॉल्व्ह उघडला आणि लोकांना सांगितलं, चाचणी आहे. अक्काच्या घरासमोरच्या नळाला गोडं पाणी आलं.

तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. बायका पाणी भरत नव्हत्या, आधी नुसत्या हात ओले करून पाहत होत्या. अक्का ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिनं सुनेला घरातली झाडून सगळी भांडी भरायला लावली आणि तुरीची डाळ चुलीवर चढवली. अर्ध्या तासात डाळ शिजली. डाव बुडवून ती वर धरत अक्का समोरच्या घरी ओरडून म्हणाली, "पाह्यलं का वो, डाळ विरघळली!" मग तिनं भावाला निरोप धाडला, जेवायला ये.

भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आले. नळावरची गर्दी त्यांनी वाटेतच पाहिली असणार. पाटावर बसले. अक्कानं भाकरी वाढली, वरणाची वाटी ठेवली. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले.

"अक्का, असं वरण आईच्या माहेरी खाल्लं होतं. डोंगराकडं."

"मंग! तुह्याच पाण्याचं हाये."

त्यांनी ताट स्वच्छ केलं, हात धुतले, आणि मग माझ्याकडे वळले. "मॅडम, सध्या कितवं गाव चालू हाये?"

"पाचवं."

"अन् हे कितवं?"

मी सगळं सांगून टाकलं. पंप नाही, तुकडी रिकामी, कोणाचं काही अडलेलं नाही, कोणाचा नंबर मागे गेलेला नाही. सांगताना माझा आवाज चढला होता.

"ते मले समजते," ते म्हणाले. "पण भिंतीवर काय लिहेल हाये ते तुम्हीच लिहून घेतलं ना? सहाव्या गावात कोणाच्या घरी डायलिसिसवाला नाही का? सातव्यात नाही? त्यायनं काऊन थांबायचं? त्यायचा भाऊ आमदार नाही म्हणून?"

"भाऊ, अक्कांसाठी तरी..."

"अक्कासाठीच बोलून राह्यलो. उद्या लोक म्हणतीन, म्हातारीनं भावाकडून पाणी ओढून घेतलं. तिच्या नावाले हे नाही लागू द्यायचं."

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. "माह्या नावाचं मले सांगू नको, बापू," ती म्हणाली. "बंद करायचं असन तं तुह्या नावानं कर." भाऊंनी मान खाली घातली. मग तीच पुन्हा बोलली, आवाज आता खाली आला होता. "अन् तूच कर. या पोरीच्या हातानं करू नको."

त्यांनी माझ्याकडून लोखंडी चावी घेतली आणि व्हॉल्व्हपाशी गेले. नळावरची माणसं पाहत राहिली. एकजण म्हणाला, "भाऊ, घरच्या माणसाच्या तोंडचं पाणी तोडून राह्यले का?" भाऊ चावी फिरवत राहिले आणि नळाची धार बारीक होत होत थांबली. एका बाईनं भरलेली कळशी त्यांच्या पायापाशी ओतली आणि पाठ फिरवून निघून गेली. "पाणी नंबरानं येईन," भाऊ म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "नंबरानंच येईन." त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला. इतका राग मला फक्त माझ्या वडिलांचा आला आहे.

अक्कानं तक्रार केली नाही. भरून ठेवलेलं पाणी तिनं पंधरा दिवस फक्त डाळीला वापरलं आणि गल्लीत सगळ्यांना वाट्या पोचवल्या. मला म्हणाली, "दोन दिवस पाह्यलं ना पोरी. तेबी नसतं दिसलं." त्या भाऊबीजेला मी तिथेच होते. तिनं भावाला ओवाळलं, लुगडं घेतलं, कपाळाला लावलं आणि पेटीत ठेवलं. पाणी मागितलं नाही. भाऊ उगाच थोडा वेळ पाटावर बसून राहिले, ती काही म्हणेल म्हणून. मग उठले. थंडीत ती गेली. तेव्हा सातव्या गावाचं काम चालू होतं.

उन्हाळ्यात धानखेडचा नंबर आला. मंडप, हार, तोरण. सरपंचानं चावी भाऊंच्या हातात द्यायला पुढे केली. भाऊ दोन पावलं मागे सरले. "बंद करणं माह्या हातानं झालं," म्हणाले, "उघडणं होत नाही." शेवटी अक्काच्या सुनेनं व्हॉल्व्ह उघडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मागे मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांना हार घालायचं कोणाला सुचलं नाही, किंवा सुचूनही कोणी घातला नसेल.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. थोड्याच मतांनी पडले, आणि धानखेडनं त्यांना मतंच दिली नाहीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते आभार मानायला धानखेडला गेले, घरोघर हात जोडून आले. लोक म्हणाले, माणूस वेडा आहे. मी तेव्हा त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, ते त्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. माणसाचं मोठेपण त्याच्यावर रागावलेलं असताना दिसलं की मग ते डोळ्यांपुढून हलत नाही. गेल्या इतक्या वर्षांत कुठल्याही यादीत कोणाचं नाव वर सरकवायचा फोन आला की माझी जीभ आपोआप जड होते. माझ्या खात्यात मी त्यापायी फारशी लोकप्रिय झाले नाही, हेही सांगून टाकते.

त्याच वर्षी माझी बदली झाली. मला पोचवायला भाऊ नांदुऱ्याच्या स्टेशनवर आले. वहिनींनी दिलेली ज्वारीची पिशवी त्यांनी माझ्या ट्रंकेवर ठेवली आणि आम्ही बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, त्यांच्या मुलाच्या लग्नाचं, रशीदभाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं. मग ते रुळांकडे पाहत म्हणाले,

"मॅडम, तुम्ही इंजिनीअर हा. एक विचारतो, खरं सांगजा. धानखेडचं पाणी त्या दिवशी मी बंद केलं नसतं, तसंच चालू राहू देलं असतं, तं बाकीच्या गावाचं काही कमी झालं असतं का?"

उत्तर मला पाठ होतं. तो हिशेब मी त्या रात्रीपासून कितीदा मांडला होता. मोठ्या नळीत पाणी पुरून उरत होतं. धानखेडचा व्हॉल्व्ह नऊ महिने उघडा राहिला असता तरी कोणत्याच गावाची टाकी चार बोटंही खाली राहिली नसती.

"झालं असतं, भाऊ," मी म्हणाले. "दाब कमी पडला असता. सातव्या गावाची टाकी भरलीच नसती."

"नसतीच भरली?"

"नसती."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग एक मोठा श्वास सोडला आणि उपरण्यानं तोंड पुसलं. "मंग बरोबर झालं," म्हणाले. "मले वाटतच होतं. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." गाडी आली. ट्रंक त्यांनी स्वतः डब्यात चढवली.

भाऊंना जाऊन आता तीन वर्षं झाली. नोकरीत मी दाबाचे आणि प्रवाहाचे पुष्कळ हिशेब केले. एकही आकडा खोटा लिहिला नाही. खोटं उत्तर एकदाच दिलं, नांदुऱ्याच्या फलाटावर, आणि ज्या माणसाशी कधी खोटं बोलू नये असं मला वाटायचं, त्यालाच दिलं.